गर्दीच्या वेळी खोटी नोट कशी ओळखता?

गल्ल्यावरची
परवा बँकेत भरणा करायला गेले. बंडल मशीनमध्ये घातलं आणि मशीन मध्येच थांबलं. कॅशियरने पाचशेची एक नोट बाजूला काढली, दोनदा उजेडात धरली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही खोटी आहे." नोटेवर शिक्का मारला, रजिस्टरमध्ये नोंद केली, पावतीवर माझी सही घेतली, आणि पाचशे रुपये भरण्यातून वजा. पाचशे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं ते जास्त लागलं.

आमचं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी सात ते नऊ समोर सतत पाच-सहा माणसं उभी असतात. कुणाला ताप, कुणाच्या कडेवर रडणारं मूल. नोट घेऊन सुट्टे परत करायला मला चार-पाच सेकंद मिळतात. शोधलं तर खुणांची भलीमोठी यादी सापडते, पण ती घेऊन गल्ल्यावर बसता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. जे रोज रोकड हाताळतात ते पहिल्या चार सेकंदांत नेमकं काय बघतात? आणि संशय आला तर समोरच्याला काय म्हणता?

पाऊलवाट
चांगला धागा. वाचनखूण साठवली आहे. मला स्वतःला फक्त गांधीजी दिसले की पुरतं, त्यामुळे शिकायला आलोय.

बोटंकाळी
मी उजेडात धरून वॉटरमार्क बघते. दिसला की गल्ल्यात. इतकी वर्षं काही झालेलं नाही.

जुनाकॅशियर
गल्ल्यावरची ताई, आधी एक सांगतो. त्या कॅशियरने केलं ते आवाज सोडला तर नियमाप्रमाणेच होतं. खोटी ठरलेली नोट शाखेने ग्राहकाला परत द्यायची नसते आणि फाडून टाकायचीही नसते. शिक्का, नोंद, पावती. ग्राहकाने सही नाकारली तरी पावती द्यावीच लागते. नोट परत दिली तर बँकच त्या नोटेच्या प्रसारात सामील आहे असं रिझर्व्ह बँक धरते. त्यामुळे "परत द्या, जिच्याकडून आली तिला दाखवते" असं कितीही विनवलं तरी आम्ही देत नसू. आवाज मात्र खाली ठेवता आला असता. मी काउंटरवर होतो तेव्हा माणसाला आत बोलावून सांगायचो.

आता चार सेकंदांचं. आम्ही नोट आधी बोटांनी वाचायचो, डोळे नंतर. नोटेचा कागद सुती असतो, लाकडाच्या लगद्याचा नसतो. अंगठा आणि तर्जनीत धरून जरा ताणली की तिला एक ताठरपणा आणि करकर असते. साधा कागद कितीही जाड घेतला तरी तो आवाज येत नाही. दुसरं, उठावाची छपाई. गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ आणि दोन्ही कडांजवळच्या तिरक्या रेघा बोटाला लागतात. नख हळूच आडवं फिरवा, खरखर कळते. खोट्या नोटेवर शाई सपाट बसलेली असते. ही दोन कामं नोट हातात येतानाच होतात, वेगळा वेळ लागत नाही.

मग एकदा तिरपी करायची. पाचशेच्या नोटेत उजवीकडे खाली रुपयाच्या चिन्हासह जो आकडा आहे तो हिरव्याचा निळा होतो. मधली तारही तशीच हिरव्याची निळी होते. हे दोन्ही एका हालचालीत दिसतं. छापखान्याबाहेर रंग बदलणारी शाई जमवणं कठीण, म्हणून बहुतेक खोट्या नोटा इथेच अडकतात. त्यांच्यात आकडा नुसता हिरवा राहतो नाहीतर चकचकीत दिसतो.

बोटंकाळी, एकट्या वॉटरमार्कवर विसंबू नका. खरा वॉटरमार्क कागदातच असतो. कागद कुठे जाड, कुठे पातळ ठेवून तो घडवतात, म्हणून चेहऱ्यावरची सावली हळूहळू गडद होत जाते. खोटा वॉटरमार्क पुष्कळदा पांढरट शाईने मागून छापलेला असतो आणि तो उजेडात न धरताही दिसतो. उजेडात न धरता गांधीजी दिसले तर तिथेच थांबा.

बोटंकाळी
हे मला माहीतच नव्हतं. मी "दिसला" एवढंच बघत होते, "कधी दिसला" हे नाही. आजच गल्ला उपसते.

घंटीवाला
मी एसटीत कंडक्टर आहे. चालत्या गाडीत, एका हाताने दांडा धरून, रात्रीच्या दिव्यात नोट घ्यायची. तिथे रंग बदलतो का हे बघणं शक्य नाही. जुनाकॅशियर म्हणतात तेच, बोटं. हजार नोटा हाताळल्या की वेगळी नोट आपोआप "बोलते". ती कशी, हे सांगता येत नाही.

पण नवीन माणसाला माझा एक सल्ला आहे. खिशात एक चांगली खरी नोट वेगळी ठेवा आणि संशय आला की दोन्ही एकत्र धरा. आकार, रंग, अंतर, सगळं शेजारी ठेवलं की फरक लगेच दिसतो. एकट्या नोटेकडे बघत राहिलं तर खरी पण खोटी वाटायला लागते.

कसरपाने
खरी नोट शेजारी धरणे यासाठी +१. आकारावरून आठवलं. नवीन पाचशे १५० मिलिमीटर लांब, दोनशे १४६, शंभर १४२. उंची तिन्हींची ६६. म्हणून शंभरची नोट धुऊन तिच्यावर पाचशे छापणं आपल्याकडे जमत नाही. अमेरिकेत सगळ्या डॉलरच्या नोटा एकाच मापाच्या, त्यामुळे तिथे पाच डॉलरची खरी नोट धुऊन तिच्यावर शंभर छापतात. कागद खरा असल्यामुळे बोटं फसतात, आयोडीनचं पेनही फसतं. ते पेन फक्त कागदातलं स्टार्च शोधतं, बाकी काही नाही. तिथे मग उजेडात धरून वॉटरमार्कमधला चेहरा कुणाचा आहे ते बघावं लागतं.

स्पर्शलिपी
मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर वाचतेय. उठावाची छपाई ज्यांच्यासाठी ठेवली आहे त्यांच्यातली एक म्हणून लिहिते.

पाचशेच्या दोन्ही कडांना पाच तिरक्या रेघा आणि उजवीकडे गोल खूण. दोनशेला चार रेघा, त्यांच्यामध्ये दोन छोटी वर्तुळं, आणि खूण इंग्रजी एच अक्षरासारखी. शंभरला चार रेघा आणि त्रिकोण. कोरी नोट मी एका सेकंदात ओळखते. मळलेल्या नोटेत अडचण येते, कारण रेघा काठावर असतात आणि काठच आधी झिजतात. मग मी लांबीवर जाते, बोटाच्या पेरांनी मोजते.

रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप १ जानेवारी २०२० ला आलं. फोन नोटेवर धरला की किती रुपयांची आहे ते बोलून सांगतं. मला ते फार उपयोगी पडतं, पण ते नोट खरी की खोटी हे सांगत नाही. ओळखीच्या दोन जणांचा तसा समज होता म्हणून मुद्दाम लिहिलं. सगळ्यांना विनंती, आमच्या हातात नोट देताना किती रुपयांची आहे ते तोंडाने सांगा, आणि ती चांगली पाहूनच द्या. आमच्या हातात आलेली खोटी नोट पुढे गेली तर आम्हाला बोल लागतो.

गल्ल्यावरची
स्पर्शलिपी ताई, हे वाचून मी डोळे मिटून पाच नोटा चाचपल्या. पाचशे आणि दोनशे ओळखता आल्या, शंभरला चुकले. तुमचे आभार.

रोखठोक
सगळं ठीक, पण व्यवहाराचं बोला. पाचशे बुडाले ते कोण भरून देणार? ताई, तुम्ही बँकेत नेली म्हणून अडकलात. गर्दीत आली तशी गर्दीत जाऊ द्यायची. कुणाचं काय जातं?

घंटीवाला
कुणाचं काय जातं? माझं गेलं ना. रात्री कॅश भरताना खोटी नोट निघाली की ती माझ्या खिशातून जाते. महिन्याला अशा दोन आल्या तरी घरात कळतं. तुमच्या गर्दीतून निघालेली नोट शेवटी अशा माणसाकडे थांबते ज्याला ती पुढे ढकलता येत नाही, किंवा ढकलायची नाही. रोजंदारीवर दिवसभर राबून एकच नोट मिळालेला माणूस मी पाहिलाय. ती खोटी निघाली. त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो.

कलमवाला
रोखठोक, कायद्याचं सांगतो कारण हे हलक्यात घेण्यासारखं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १७९ प्रमाणे नोट खोटी आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, ती खरी म्हणून देणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. कलम १८० प्रमाणे खोटी आहे हे ठाऊक असताना खरी म्हणून वापरण्याच्या इराद्याने जवळ बाळगणं हाही गुन्हा, सात वर्षांपर्यंत. आधीच्या दंड संहितेत हेच ४८९ ख आणि ४८९ ग होतं.

सगळा भार "माहीत असताना" या शब्दांवर आहे. नकळत हातात आली आणि तुम्ही ती बँकेत दाखवली, तर तुम्ही गुन्हेगार नाही. १८० खालच्या स्पष्टीकरणात तर ती कायदेशीर मार्गाने आली हे दाखवता आलं तर गुन्हा होत नाही असं लिहिलंच आहे. पण ओळखून पुढे दिली, तर त्या क्षणी तुम्ही पलीकडे गेलात.

बँकांसाठीही मर्यादा आखलेली आहे. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर शाखा महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या तर लगेच गुन्हा नोंदवावा लागतो. म्हणून गल्ल्यावरचीला कुणी पोलिसांत नेलं नाही आणि नेण्याचं कारणही नव्हतं.

रोखठोक
जन्मठेपेचं माहीत नव्हतं. आणि घंटीवाल्यांचं वाचून माझं वाक्य मागे घेतो. पण नुकसान भरपाई मिळायला हवी हे म्हणणं कायम आहे. प्रामाणिक माणूस पाचशे हरतो आणि लबाड सुटतो, हे बरोबर नाही.

जुनाकॅशियर
तुमची चीड रास्त आहे. पण बँकेने भरून द्यायला सुरुवात केली तर खोट्या नोटा छापणाऱ्याला सरळ गिऱ्हाईकच मिळेल. ती दुखरी गाठ सुटत नाही. आमच्या हातून एवढंच होतं की नोट तिथे थांबते.

शिळाछाप
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत कैद्यांकडून ब्रिटिश पौंडाच्या नोटा छापून घेतल्या. 'ऑपरेशन बर्नहार्ड' या नावाने ते ओळखलं जातं. नोटा इतक्या हुबेहूब होत्या की १९४३ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांपेक्षा मोठ्या नोटा काढणंच थांबवलं. दहा पौंडांची नोट परत आली ती थेट १९६४ मध्ये.

मला त्यातली एक गोष्ट कायम लक्षात राहते. कैद्यांना ओळीने उभं करून त्या कोऱ्या नोटा हातोहात फिरवायला लावायचे, घड्या घालायला, मळवायला. कारण मळकी नोट पाहिली की घेणारा सैल पडतो. आपण इथे करकर आणि ताठरपणाबद्दल बोलतोय, पण मळवलेल्या खोट्या नोटेत तो फरक झाकला जातो. तिथे काय करायचं?

जुनाकॅशियर
फार नेमका प्रश्न. मळक्या नोटेत बोटांवर भरवसा कमी करा आणि तार बघा. खरी तार कागदाच्या आत विणलेली असते. वरून तुकड्या-तुकड्यांत दिसते आणि उजेडात धरली की सलग एक रेघ होते. तिच्यावर 'भारत' आणि रिझर्व्ह बँकेची इंग्रजी आद्याक्षरं असतात. खोट्यात बहुधा चमकीची पट्टी चिकटवलेली असते, नखाने कड उचलली जाते. दोन कागद एकमेकांना चिकटवून मध्ये पट्टी घातलेली असेल तर कोपरा चोळल्यावर कागद सुटतो.

दुसरं म्हणजे डावीकडचा पाचशेचा आकडा. अर्धा पुढून, अर्धा मागून छापलेला असतो. उजेडात दोन्ही अर्धे मिळून आकडा पूर्ण होतो. मळ कितीही असला तरी हे जुळणं बिघडत नाही.

आणि नंबर बघा. पहिली तीन अक्षरं-आकडे एकाच मापाचे, पुढचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. एकाच गिऱ्हाइकाने दिलेल्या दोन नोटांचा नंबर सारखा निघाला, तर जपून. छपाईचं वर्ष, गव्हर्नरची सही किंवा नंबरामागचं छोटं अक्षर वेगळं असेल तरच दोन्ही खऱ्या असू शकतात.

पाऊलवाट
माझ्याकडे नंबरात चांदणी असलेली नोट आहे. ती खोटी असते असं फिरत होतं ना?

कसरपाने
ती अफवा. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी जी नोट घालतात तिच्या नंबरात चांदणी असते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये पुन्हा खुलासाही केला होता. हिरवी पट्टी गांधीजींच्या जवळ असली तर खोटी, हीसुद्धा तसलीच अफवा.

बोटंकाळी
दहाच्या नाण्यांचंही तेच. आमच्याकडे अजून काही जण रुपयाचं चिन्ह नसलेलं दहाचं नाणं घेत नाहीत. १४ वेगवेगळ्या नक्षीची दहाची नाणी चलनात आहेत आणि सगळी खरी, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय. खऱ्या पैशाला नाही म्हणणं हाही अन्यायच आहे की.

निळादिवा
इतकं कशाला, जांभळ्या उजेडाचा दिवा घ्या. साधा कागद त्याखाली निळसर पांढरा चमकतो, नोटेचा कागद निस्तेज राहतो. आमच्या काउंटरवर आहे, एका नजरेत कळतं.

जुनाकॅशियर
दिवा चांगला, पण त्याने एकदा मीच फसलो आहे, उलट्या बाजूने. खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेलेली खरी नोट दिव्याखाली चमकत होती. धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे चमकद्रव्य असतं, ते कागदात उतरलं होतं. समोर एक म्हातारे गृहस्थ होते आणि मी नोट जवळजवळ खोटी ठरवली होती. तार आणि आकडा बघून थांबलो. तेव्हापासून एका खुणेवर निकाल देत नाही. तीन खुणा एका बाजूला गेल्या तरच.

स्पर्शलिपी
"तीन खुणा" हे फार आवडलं.

शिळाछाप
एटीएममधून खोटी नोट आली तर? तिथे पुरावा काय देणार?

कलमवाला
शंभर आणि त्यावरच्या नोटा मशीनने तपासल्याशिवाय एटीएममध्ये भरू नयेत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तरी आलीच तर तिथून हलू नका. पैसे मशीनसमोरच मोजा, पावती ठेवा, सुरक्षारक्षक असेल तर त्याला दाखवा आणि लगेच शाखेला लेखी कळवा. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी सांगितलं तर सिद्ध करणं अवघड जातं.

गल्ल्यावरची
तीन आठवड्यांनी परत आले. मूळ प्रश्नाचं काय झालं ते सांगते.

गल्ल्याखाली एक कोरी पाचशेची नोट चिकटपट्टीने लावली आहे, घंटीवाल्यांनी सांगितली तशी. मदतीला असलेल्या मुलालाही शिकवलं. क्रम असा बसलाय: घेतानाच अंगठा कडेच्या रेघांवर, मग एक ताण, मग गल्ल्यात टाकताना तिरपी. दिवा आमच्या डोक्यावर होता तो पुढे घेतला, त्यामुळे हिरव्याचा निळा नीट दिसतो. पहिले दोन दिवस हात अडखळला, आता वेगळा वेळ जात नाही. आणखी खोटी एकही सापडलेली नाही.

मात्र परवा त्या मुलाने एका आजींची नोट अडवली. "आजी, ही खोटी वाटते" म्हणाला. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. नोट खरी होती, फक्त धुतली गेलेली. मी तिथेच माफी मागितली, आजी काही न बोलता गोळ्या घेऊन गेल्या. बँकेत माझं जे झालं तेच माझ्या दुकानात मी दुसऱ्याला केलं, हे रात्रभर टोचत राहिलं. माझ्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अजून बाकी आहे. संशय आला तर म्हणायचं काय?

घंटीवाला
मी 'खोटी' हा शब्दच उच्चारत नाही. "काका, ही जरा बदलून देता का, पुढे घेत नाहीत" एवढंच. खरी असेल तर माणूस दुखावत नाही. खोटी असेल आणि त्याला माहीत नसेल तर दुसरी देतो. माहीत असेल तर नजर चुकवून लगेच खिशात घालतो, तेव्हा कळतंच. मात्र बदलून घेतली म्हणून गप्प राहू नका. हळूच सांगा, "घरी गेल्यावर बँकेत दाखवून घ्या, तार नीट वाटत नाही."

जुनाकॅशियर
मी यात एवढंच घालेन की नोट आपल्या मुठीत ठेवून बोलू नये. काउंटरवर त्यांच्यासमोर सपाट ठेवावी, शेजारी आपली चांगली नोट ठेवावी आणि म्हणावं, "जरा तुम्हीच हात लावून बघा बरं." बहुतेक लोक स्वतःच ओळखतात. आणि ताई, त्या आजी परत आल्या तर त्यांच्याशीही हेच करा. त्यांनाही शिकायला आवडेल.

गल्ल्यावरची
आज आल्या होत्या. दोन्ही नोटा समोर ठेवल्या. त्यांनी आधी बोटांनी पाहिलं, मग चष्मा लावला आणि विचारलं, "दोनशेच्या नोटेत काय बघायचं?"